थांबामावशीकडे चार इंटरनेटवाले

आमच्या इमारतीत सध्या अशी बातमी फिरते आहे की, थांबामावशीनं एकाच दिवशी घरात चार कंपन्यांचं इंटरनेट बसवून घेतलं. एक बंद पडलं तर दुसरं, दुसरं बंद पडलं तर तिसरं. आणि चौथं? “चौथं पाहुण्यांसाठी,” असं तळमजल्यावरच्या आजोबांनी मला जिन्यात सांगितलं, आवाज इतका खाली आणून की मावशीकडे चोरीचं सोनंच सापडलं असावं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची आवृत्ती याच्याही पुढची. त्यांच्या मते मावशी घरातून काहीतरी ‘ऑनलाइनचं’ करते. “काय ते मला विचारू नकोस,” म्हणाल्या, आणि मी विचारावं म्हणून दार उघडं ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

तर चौघं आले होते हे खरं. चौघांच्या गाड्या दुपारभर फाटकाशी उभ्या होत्या, हेही खरं. राहिलं मात्र एकच. आणि मावशी घरातून जे ‘ऑनलाइनचं’ करते ते म्हणजे, ज्यांचे दात दुखतात त्यांचे फोन घेते. त्यात विचारू नये असं काहीच नाही. उलट विचारायला गेलात तर ती तुमच्या अक्कलदाढेपर्यंत पोचल्याशिवाय तुम्हाला सोडायची नाही.

थांबामावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. बरोबर आमच्या खालच्या घरात एकटी राहते. मी जन्मायच्या आधीपासून ती एका दातांच्या डॉक्टरांकडे फोनवर बसायची. तिचे आवाज दोन. एक घरचा: “चपला बाहेर! दार लोट! तो पंखा कोणासाठी फिरतोय, भिंतीसाठी?” हा आवाज खवणीवर खोबरं घासल्यासारखा. दुसरा फोनचा. तो ऐकलात तर ही तीच बाई यावर तुमचा विश्वास बसणार नाही. “नमस्कार, दवाखाना. जरा थांबा हं.” त्यातला तो ‘हं’ झोपाळ्यासारखा वर जातो आणि वरच राहतो, आणि ऐकणाराही त्याच्याबरोबर वर लटकून राहतो. दाढ ठणकत असलेली माणसंसुद्धा त्या ‘हं’वर मुकाट्यानं थांबायची. त्यावरून तिला थांबामावशी हे नाव मी दिलं आणि इमारतीनं ते उचललं. मला बहुतेक सगळ्यांचे आवाज काढता येतात, म्हणून ती मला रेडिओ म्हणते. पण खरं सांगायचं तर तो ‘हं’ मला अजून पुरता जमलेला नाही.

या फोनच्या आवाजात तिला एकच शब्द उच्चारता येत नाही, तो म्हणजे ‘नाही’. डॉक्टर गावाला गेलेले असोत, दिवस भरलेला असो, ती म्हणणार, “बघते हं, काहीतरी करू आपण.” आणि करायची. एकाच वेळेला तिघांना बोलवायची. कारण तिचा अनुभव असा की, दात काढायला बोलावलेल्या तिघांतले दोघं ऐनवेळी घाबरतात. तिसरा येतो तो बायकोनं ढकललेला असतो म्हणून. त्यामुळे तिघांना एकच वेळ दिली की बरोबर एकजण हाती लागतो. तिचा हा हिशेब इतकी वर्षं चुकला नव्हता.

मग डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. “माझा हात बघून आता माणसं तोंडच उघडत नाहीत,” असं म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला आणि मावशीला आठवण म्हणून बाहेरचं बाकडं देऊन टाकलं. एका लोखंडी पट्टीवर बसवलेल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या, हलवायच्या तर चारही हलवायच्या. ते तिच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेलं आहे. पाहुणे आले की एका रांगेत बसतात आणि का कोण जाणे, आपोआप गालाला हात लावतात.

त्यानंतर कित्येक महिने मावशीचा फोनचा आवाज कोणी ऐकला नाही. घरच्या आवाजात ती आम्हाला तीन माणसांचं बोलायची, पण ते वेगळं. अपवाद एकच: एकदा कोणाचा तरी चुकून फोन लागला, तर त्या बिचाऱ्याला तिनं अर्धी दुपार सोडलं नव्हतं. शेवटी आपली हिरडी पूर्वी सुजायची असं त्यानं कबूल केलं, तेव्हा कुठे सुटला.

आणि मग हे काम चालून आलं. शहरभरच्या बऱ्याच दातांच्या दवाखान्यांचे फोन आता एकाच ठिकाणी येतात, आणि ते घेणाऱ्या बायका आपापल्या घरून घेतात, कानाला हेडफोन लावून, कॉम्प्युटरवर. डॉक्टरांनीच मावशीचं नाव सुचवलं होतं. अट एकच: घरचं इंटरनेट स्वतःचं हवं आणि बोलता बोलता तुटणारं नको. सोमवारी सकाळी चाचणी. फोन नीट घेतले तर काम तिचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईंचं.

“पुढच्या बाईंचं!” मावशी घरच्या आवाजात म्हणाली. “‘पुढचे कोण’ हे जन्मभर मी विचारत आले. आता मलाच कोणीतरी पुढचे कोण म्हणून उठवणार!”

मावशीकडे इंटरनेट नव्हतं. तिनं माझ्या लॅपटॉपवर ‘तुमच्या भागातलं सर्वोत्तम ब्रॉडबँड’ असं शोधलं. एक रंगीबेरंगी पान उघडलं. त्यावर ‘तुलना करा’ असं बटण होतं, आणि तुलना हवी तर आधी फोननंबर द्या. मावशीनं दिला. तुलना काही दिसली नाही. फोन मात्र सुरू झाले.

पहिला वाजला आणि ती नुसती उजळली. “नमस्कार. जरा थांबा हं,” म्हणाली आणि पदर सारखा करून बसली. पुढचे दोन दिवस मी शाळेतून आले की थेट तिच्याकडे. असे आवाज फुकट ऐकायला मिळत नाहीत.

एक होता गॅरंटी. याचं प्रत्येक वाक्य गॅरंटीवर संपायचं. “शंभर एमबीपीएसपर्यंत स्पीड मिळेल मॅडम, गॅरंटी.”

“पर्यंत म्हणजे?”

“म्हणजे शंभरच्या वर नाही जाणार मॅडम. गॅरंटी.”

“आणि खाली?”

“खालचं काय सांगता येत नाही मॅडम.”

“मग गॅरंटी कसली?”

“वर जाणार नाही याची मॅडम.”

दुसरा ॲक्च्युअली. मऊ, लांबट आवाज, उशी फाटून कापूस बाहेर यावा तसा. “ॲक्च्युअली, आमचं अनलिमिटेड आहे मावशी. ॲक्च्युअली, तुम्ही कितीही वापरा. फक्त ॲक्च्युअली, लिमिट ओलांडलं की जरा स्लो होतं.”

“कशाचं लिमिट?”

“अनलिमिटेडचं.”

मावशीनं फोन छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिनं फोन परत कानाला लावला आणि म्हणाली, “छान आहे हो.”

तिसरा बिनवायर. याच्याकडे वायरच नव्हती, भिंतीला भोक नाही, काही नाही, एक पांढरा डबा ठेवायचा की झालं. हा नाकात बोलायचा आणि वाक्याच्या शेवटी स्वतःच हसायचा. “वायरी आता कोण लावतं आई? हॅहॅ. वायरीत अडकून माणसं पडतात. हॅहॅ.”

चौथा आमचाच, गल्लीतला टीव्हीचा केबलवाला. यानं फोनसुद्धा केला नाही. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “ऐकलं नेट पाहिजे. होऊन जाईल.” हा सगळ्यालाच होऊन जाईल म्हणतो. टीव्ही दिसत नाही? होऊन जाईल. पाऊस थांबत नाही? होऊन जाईल.

मावशीला जो शेवटी बोलेल तो पटायचा. सकाळी गॅरंटी, दुपारी ॲक्च्युअली, संध्याकाळी बिनवायर. शेवटी तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. “मला एवढंच सांग,” ती मला म्हणाली, “माझे पेशंट शंभरच्या स्पीडनं येणार की पन्नासच्या? आणि येताना एक स्पीड, जाताना दुसरा, असं तो का म्हणाला? मी बोलणार ते जाणार की येणार?”

“तू बोलशील ते जाणार.”

“पण मला तर ते इथेच ऐकू येतं.”

 आई वरून डोकावून म्हणाली, “ताई, ऐकावे जनाचे, करावे मनाचे.”

“अगं, मनालाच काही कळत नसेल तर?” मावशी म्हणाली. “मन म्हणतंय, तूच बघ बाई.”

तिनं बघितलं ते असं. प्रत्येकाला तिनं शुक्रवारी दुपारी बोलावलं. चौघांनाही एकच वेळ.

“मावशी! चौघं आले तर?”

“कुठे येतात गं? हे लोक दिलेल्या वेळेला कधी येतच नाहीत, असं इमारतीतला प्रत्येकजण सांगतो. पेशंटपेक्षाही वाईट. चौघांना बोलावलं की एखादा येईल. जो येईल त्याचं घ्यायचं. डोक्याला ताप नको.”

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. गॅरंटी. गळ्यात कार्ड, हातात टॅबलेट. मावशीनं त्याला बाकड्यावर बसवलं. पाणी आणायला वळते तोच बेल वाजली. ॲक्च्युअली, दारात वाकून, कारण उंच. त्यालाही बसवलं. मग बिनवायर, डबा छातीशी धरून. आणि शेवटी केबलवाला, खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन. तो आत आला, बाकड्यावरच्या तिघांना पाहिलं आणि रिकाम्या चौथ्या खुर्चीत बसला.

“डॉक्टर आहेत का आत?” त्यानं मला हळूच विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. मावशीनं सवयीनं प्रत्येकाच्या हातात जुनं मासिक दिलं. मी आतल्या दाराला टेकून उभी होते आणि हसू येऊ नये म्हणून स्वतःचा दंड चावत होते. मावशीचा चेहरा मात्र बघवत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तिघांतले तिघं, म्हणजे चौघांतले चौघं आले होते.

पण ती सराईत. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पुढचे कोण?”

आतल्या खोलीत टेबल होतं, टेबलावर माझा लॅपटॉप. एकेकानं आत यायचं, बघायचं, सांगायचं. प्रत्येकानं भिंत ठोकून पाहिली आणि प्रत्येकानं बाहेरच्या बाकीच्यांबद्दल तेच सांगितलं जे एक दातांचा डॉक्टर दुसऱ्याच्या कामाबद्दल सांगतो. “हे कोणी केलं तुम्हाला?” अशा चेहऱ्यानं. मावशी आणखीच गोंधळली. मग तिला एक युक्ती सुचली. ती मला कानात म्हणाली, “रेडिओ, हलवाई स्वतः कुठली मिठाई खातो ते बघावं.” आणि प्रत्येकाला शेवटी तिनं एकच विचारलं: “तुमच्या स्वतःच्या घरी कोणतं आहे?”

गॅरंटी टॅबलेट बंद करून म्हणाला, “खरं सांगू मॅडम? केबलवाल्यांचं. आमची कंपनी अजून आमच्या गल्लीत पोचली नाही. पोचेल पण. गॅरंटी.”

मावशी खूश. म्हणजे केबलवाला. तिनं केबलवाल्याला बोलावलं.

“माझ्या घरी? त्या उंच साहेबांच्या कंपनीचं. बायकोचा भाऊ तिथे कामाला आहे. नाही म्हणालो तर घरात बोलणं बंद.”

ठीक. म्हणजे ॲक्च्युअली. ॲक्च्युअलीला बोलावलं. “ॲक्च्युअली मावशी, आम्ही भाड्यानं राहतो. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. त्यामुळे ॲक्च्युअली, तो पांढरा डबा.”

उरला बिनवायर. त्याला मावशीनं विचारलं तेव्हा तो हसला, पण नेहमीसारखं शेवटी नाही, आधीच. “हॅहॅ. आमच्याकडे पोरं गेम खेळतात आई. त्याला वायरीचंच लागतं. मी गॅरंटीवाल्यांचं घेतलंय.”

“पण गॅरंटीवाले त्यांच्या स्वतःच्या गल्लीत पोचलेले नाहीत!”

“माझ्या गल्लीत पोचलेत.”

मावशी बाहेर आली ती भोवऱ्यासारखी. “चौघांनी चौघांचं लावलंय,” ती मला म्हणाली. “मी गोल फिरून जिथे होते तिथेच आले. घेरी येईल आता.” आणि तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला.

“नमस्कार. जरा थांबा... हो, बोला ना.” मी आवाज ओळखला नाही, पण मावशी ताठ उभी राहिली. चाचणीवाल्या बाई होत्या. सोमवारी त्यांना भलतंच काम निघालं होतं. चाचणी आज संध्याकाळी घेतली तर चालेल का?

मी दोन्ही हात हलवले. नाही म्हण, नाही म्हण! मावशीनं माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि मधाळ आवाजात म्हणाली, “हो हो. जमवू आपण.”

फोन ठेवला. मग घरच्या आवाजात, चौघांसमोर: “मेले मी!”

झालं काय ते तिनं चौघांना सांगितलं. आज संध्याकाळी फोन घेतले नाहीत तर काम गेलं. सोमवारची वाट बघायला कोणी थांबणार नाही. बाकड्यावरचे चौघं अवघडून बसले. आत कोणाची तरी दाढ निघते आहे आणि आपण बाहेर ऐकतो आहोत, तसे.

“वायर आत्ता टाकतो मॅडम,” गॅरंटी म्हणाला. “चालू मात्र वरून होईल. दोन-तीन दिवस.”

“वरून म्हणजे कुठून?”

त्यानं बोट वर केलं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

“वर तर आम्ही राहतो,” मी म्हणाले.

“ॲक्च्युअली, आमचं इमारतीच्या परवानगीच्या पत्राशिवाय सुरू होत नाही,” ॲक्च्युअली म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

बिनवायर उठला. त्याचा डबा तर लगेच चालणारा. पण लावल्यावर त्याचा दिवा लाल. डबा घेऊन तो घरभर हिंडला, पूजेला निघाल्यासारखा दोन्ही हातांत धरून. खिडकीत नारिंगी. स्वयंपाकघरात लाल. न्हाणीघराच्या दारात, हात डोक्यावर उंच करून उभा राहिला तेव्हा कुठे हिरवा. खाली ठेवला की पुन्हा लाल.

“मी धरून उभा राहतो आई,” तो म्हणाला.

“रोज?” मावशीनं विचारलं.

मग सगळ्यांनी केबलवाल्याकडे पाहिलं. तो मासिकातलं कोडं सोडवत होता. “होऊन जाईल,” म्हणाला आणि उठला.

पुढचं मी मावशीच्या खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडच्या खांबावरून वायर ओढायची तर शिडी धरायला माणूस हवा. ॲक्च्युअली गेला. त्याला शिडीची फारशी गरजच नव्हती, पण धरली. केबलवाल्याकडे वायरच्या टोकाला लावायची पिन नव्हती, ती गॅरंटीनं आपल्या पिशवीतून दिली, वर पाहात, म्हणजे त्याच्या कंपनीला दिसू नये असं. बिनवायर खाली उभा राहून “डावीकडे! तुमच्या नाही, माझ्या डावीकडे!” असं ओरडत होता. भोक पाडायला वेळ नव्हता म्हणून वायर खिडकीतूनच आत आली. लॅपटॉपवर छोटं चिन्ह उजळलं. चौघं टाळ्या वाजवणारच होते, पण मावशीनं तोंडावर बोट ठेवलं, कारण हेडफोनमध्ये पहिला फोन वाजत होता.

चाचणीवाल्या बाई आणि त्यांच्या हाताखालची माणसं पेशंट बनून फोन करणार होती. मी दारात. चौघं बाकड्यावर, श्वास रोखून. तंगड्या हलवायच्या नाहीत अशी मावशीची ताकीद होती.

पहिला फोन सरळ होता. दात साफ करून घ्यायचेत, कधी येऊ? मावशीचा तो आवाज पुन्हा त्या घरात ऐकून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतके महिने बंद पडलेलं घड्याळ एकदम टोले देऊ लागावं तसं काहीतरी. गॅरंटी तर तोंड उघडं टाकून ऐकत होता.

दुसरा फोन रडणाऱ्या आईचा. मुलगा पडला, दात हलतोय, रक्त येतंय. “हो हो. घाबरू नका हं. आधी तुमचा नंबर सांगा,” मावशी म्हणाली. नंबर पहिला, नाव नंतर, दुखणं त्याच्यानंतर. हा तिचा दवाखान्यातला नेम. दुखणारी माणसं रडतात, फोन आपटतात, फोन तुटतो, आणि मग त्यांना शोधणार कुठे? बाईंनी नंबर सांगितला, मग मुलाबद्दल सांगू लागल्या, आणि एकदम आवाज गेला.

लॅपटॉपवरचं चिन्ह विझलं होतं.

बाकड्यावरून चौघं एकदम उठले, पट्टी एक असल्यामुळे बाकडंही थोडं उठलं. “मी म्हणालोच होतो!” हे तिघं एका सुरात. केबलवाला पांढरा पडला होता. होऊन जाईलही म्हणाला नाही. पायऱ्या गाळत खाली धावला.

मावशीनं लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. मांडीवरचा मोबाइल उचलला, तो नंबर लावला आणि आवाज तसूभरही न हलवता म्हणाली, “आपला फोन तुटला बघा. मुलाच्या ओठाला थंड पाण्याचा कपडा धरा. समोरचा दात की बाजूचा?”

 मग त्या बाई रडायच्या थांबल्या आणि चाचणीवाल्या बाई झाल्या. मावशीनं मोबाइल माझ्याकडे वळवला, म्हणून मलाही ऐकू आलं: “आधी चाचणी दिलेल्या दोघींचे फोन तुटले. आता तुमचाही तुटला. इंटरनेट सगळ्यांचंच तुटतं. त्या दोघी स्क्रीनकडे बघत बसल्या. परत फोन केलात तो तुम्हीच. सोमवारपासून या. म्हणजे घरीच बसा. मात्र तोपर्यंत इंटरनेटचं काहीतरी धड करा.”

मावशी “हो, हो, बरं” म्हणाली. फोन बंद झाल्यावर हेडफोन काढून तिनं डोळे पुसले आणि मग घरच्या आवाजात मला ओरडली, “बघत काय बसलीस? माणसांना चहा टाक!”

चहा होईपर्यंत केबलवाला परत आला, धापा टाकत. वायर ठीक होती. पण गल्लीतल्या त्याच्या सगळ्या यंत्रांची वीज आमच्या जिन्याखालच्या शिंप्याच्या दुकानातून येते. शिंप्याला कोणाची तरी पँट तातडीनं द्यायची होती, त्याला इस्त्री लावायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्यानं केबलवाल्याचा प्लग काढला होता.

“इस्त्री!” गॅरंटी म्हणाला. “मॅडम, यांचं इंटरनेट इस्त्रीवर चालतं!” तिघं पोट धरून हसले. केबलवाला कपाकडे बघत राहिला.

मावशी आत आली. मीही. आता निवडायचं होतं, आणि सोमवारच्या आत. मला खात्री होती की ती पुन्हा गोल फिरणार. मी म्हणाले, “बाहेर चौघं चहा पितायत. कोणी शिडी धरली, कोणी पिन दिली, एकजण हात वर करून उभा राहिला. आता त्यातल्या तिघांना नाही म्हणायचंय. तुझ्यानं होणार नाही. पैज.”

“काय देशील?”

“तू तिघांना तोंडावर ‘नाही’ म्हणालीस, तर उद्या रात्रीपर्यंत मी कोणाचीही नक्कल करणार नाही.”

“तुला ताप भरेल गं.”

“आणि हरलीस तर तू आईशी दिवसभर फोनच्या आवाजात बोलायचं. भांडी घासतानासुद्धा.”

मावशी बाहेर गेली आणि बाकड्यासमोर उभी राहिली. मी कान टवकारले, तो ‘हं’ ऐकायला.

“केबलवाल्याचं घेणार,” ती म्हणाली. खवणीचा आवाज! घरचा! “शिंप्याची इस्त्री आता मला माहीत झाली. तुमच्या प्रत्येकाची कुठेतरी एक इस्त्री असेलच, ती कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. ही निदान जिन्याखाली आहे. मी स्वतः जाऊन शिंप्याला सांगेन. आणि तू,” हे केबलवाल्याला, “सोमवारच्या आत वेगळा प्लग घे, नाहीतर तुझीच इस्त्री करीन.”

“मॅडम, एकदा नीट विचार करा, गॅरंटी...”

“नाही,” मावशी म्हणाली.

“ॲक्च्युअली मावशी, पत्र मी उद्याच...”

“शिडी छान धरलीस बाळा. पण नाही.”

बिनवायरनं नुसतं वर पाहिलं. “नाही,” ती त्यालाही म्हणाली. मग जरा वाकून म्हणाली, “आणि तू चहा एकाच बाजूनं पितोयस. कधीपासून दुखतेय दाढ? सोमवारी फोन कर. आधी नंबर सांगायचा.”

मी हरले होते. तिचे आवाज दोन आहेत हे मला लहानपणापासून माहीत होतं. नुसतं माहीतच नव्हतं, दोन्ही काढून मी लोकांना हसवत आले होते. पैज लावताना मात्र मी एकच धरला.

रात्री आई म्हणाली, “खाली एवढा गोंधळ कसला होता? सांग ना, कोण काय म्हणालं?” मावशी समोरच बसली होती, कपात बोट बुडवून शांतपणे बिस्किटाचा तुकडा शोधत. मी सांगितलं. एक माणूस आला. मग दुसरा आला. त्यानं असं सांगितलं, तिनं तसं सांगितलं. नंतर इंटरनेट बंद पडलं. नंतर चालू झालं. सगळं मी माझ्याच आवाजात सांगितलं, एका पट्टीत.

आईनं जांभई दिली. “एवढंच?” म्हणाली, आणि दिवा मालवायला उठली.